आधी पेपर, मग मैदान

पहाटेचा अंधार पुरता सरलेला नसतो, तोच मैदानावर पोरांच्या रांगा लागलेल्या असतात. चारशे मीटरच्या ट्रॅकवर चुन्याच्या रेघा, छातीवर नंबर, अंगात गंजी, पायात शूज. क्वचित कुणी अनवाणीच. शिट्टी वाजते आणि अख्खी बॅच एकदम सुटते. पहिल्या वळणावर कोपराला कोपर घासतं, दुसऱ्या फेरीत मागचे मागे पडू लागतात. चौथ्या फेरीला शेवटच्या रेषेजवळ दोन जवान दोरी हातात धरून उभे असतात. वेळ संपली की दोरी ताणली जाते. तिच्या आत पोचलेल्यांना एका बाजूला बसवतात. जो दोरीला येऊन धडकतो, त्याला पुढे बोलायची सोय नसते. त्याची भरती त्या दिवसापुरती संपलेली असते.

साताऱ्यापासून नांदेडपर्यंतच्या गावांत सैन्यभरती म्हटलं की हेच चित्र डोळ्यांपुढे येतं. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं आवार, कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ, कधी एखादं जिल्हा क्रीडा संकुल. आदल्या रात्रीच येऊन फुटपाथवर झोपलेली पोरं, केळी आणि बिस्किटांच्या गाड्या, कागदपत्रांची प्लास्टिकची पिशवी उशाशी. हे मैदान अजून आहे आणि दोरीही आहे. मात्र २०२३ पासून तिथपर्यंत पोचायची वाट बदलली. आता मैदानावर पाऊल टाकण्याआधी पोराला संगणकासमोर बसून पेपर द्यावा लागतो. त्या पेपराचा फॉर्म भरण्याआधी दहावीच्या गुणपत्रिकेवरचे आकडे जुळावे लागतात.

आधीचा क्रम उलटा होता. मेळावा जाहीर व्हायचा, जिल्ह्याजिल्ह्यातून हजारो पोरं जमायची. पहिल्यांदा धावणं, मग बीमवरचे पुलअप्स, मग उंची-छाती, मग मेडिकल. या सगळ्यातून जे उरतील त्यांनाच लेखी परीक्षेचं बोलावणं. त्या रीतीत पाय आधी बोलायचे आणि डोकं नंतर. २०२३ च्या फेब्रुवारीत लष्कराने हा क्रम फिरवला आणि त्याच वर्षी १७ एप्रिलपासून देशभरातल्या १७६ ठिकाणी पहिली ऑनलाइन सामाईक प्रवेश परीक्षा झाली. परीक्षेचा खर्च उमेदवारामागे ५०० रुपये. त्यातला निम्मा लष्कर सोसतं, २५० रुपये पोराच्या खिशातून जातात. मेळाव्याला उसळणारी गर्दी आणि तिच्यासाठी उभारावी लागणारी यंत्रणा कमी व्हावी, हा या बदलामागचा सांगितलेला हेतू. तो बऱ्याच अंशी साध्यही झाला. पेपरातून निवडलेल्यांनाच मैदानाचं बोलावणं जात असल्याने मोजकेच उमेदवार ट्रॅकवर उतरतात.

पण या बदलाने आणखी एक गोष्ट केली. भरतीची पहिली चाळण मैदानावरून उचलून शाळेच्या बाकावर नेली.

फौजेत जायला दहावी पास लागते, हे गावात सगळ्यांना माहीत असतं. हे अर्धंच खरं आहे. अग्निपथ योजनेतून भरती होणारे शिपाई म्हणजे अग्निवीर. त्यांतल्या जनरल ड्युटी, म्हणजे पोरांच्या भाषेत ‘जीडी’, या पदासाठी दहावीत एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात किमान ३३ टक्के गुण लागतात. टेक्निकलसाठी बारावी विज्ञान, त्यात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि इंग्रजी, एकूण ५० टक्के आणि प्रत्येक विषयात ४०. आयटीआय केलेल्यांना वेगळी वाट आहे. कारकून आणि स्टोअरकीपरसाठी बारावी कुठल्याही शाखेची चालते. पण एकूण ६० टक्के, प्रत्येक विषयात ५० आणि इंग्रजीबरोबर गणित किंवा हिशेबाच्या विषयातही ५० असावे लागतात. म्हणजे यंत्रं हाताळणाऱ्यापेक्षा रजिस्टर सांभाळणाऱ्याकडून गुणांची अपेक्षा जास्त! ट्रेड्समनला टक्केवारीची अट नाही, प्रत्येक विषयात ३३ असले की झालं. त्यातल्या काही कामांना आठवी पासही चालतो.

आता यात महाराष्ट्राच्या पोराची एक खास अडचण आहे. राज्य मंडळाच्या दहावीत पास व्हायला विषयाला ३५ गुण लागतात, असा समज आहे आणि तो सर्वसाधारणपणे बरोबरही आहे. मात्र मंडळाने संयुक्त उत्तीर्णतेची सवलत ठेवली आहे. गणित आणि विज्ञान मिळून ७० गुण झाले आणि दोन्हींत किमान २५ असले, तर विद्यार्थी दोन्ही विषयांत पास. तीन भाषा मिळून १०५ आणि प्रत्येकीत किमान २५ असले, तरी तेच. समजा, एखाद्या पोराला विज्ञानात ४५ पडले आणि गणितात २७. बेरीज ७२. गुणपत्रिकेवर ‘उत्तीर्ण’ असा शेरा येतो, घरी पेढे वाटले जातात, अकरावीला प्रवेशही मिळतो. तीन वर्षांनी तोच पोरगा सायबर कॅफेत बसून भरतीचा फॉर्म भरायला घेतो, तेव्हा गणितासमोरचा २७ हा आकडा ३३ च्या अटीत बसत नाही. मंडळाच्या लेखी तो पास आहे, फौजेच्या लेखी अपात्र. सोळाशे मीटर तो कितीही वेगात मारत असो, त्याच्यासाठी ट्रॅकच उघडत नाही.

ही गोष्ट शाळेत कुणी सांगत नाही. दहावीच्या वर्गात ज्या पोराचं लक्ष खेळाच्या तासाकडे जास्त, त्याच्याबद्दल मास्तर कौतुकाने ‘हा फौजेत जाणार’ म्हणतात आणि गणिताच्या बाबतीत त्याला सवलत देऊन टाकतात. पास झाला की झालं. तो पंधराव्या वर्षी सुटलेला गुण अठराव्या वर्षी आडवा येतो. मंडळाकडे श्रेणीसुधाराची सोय आहे, पण त्यासाठी पुन्हा परीक्षेला बसायचं. तोवर वय सरतं. अग्निपथ योजना जाहीर झाली तेव्हा वयाची अट साडेसतरा ते एकवीस अशी होती. साडेतीन वर्षांची ही खिडकी. त्यात एखादं वर्ष गुण सुधारण्यात गेलं, तर उरलेल्या वर्षांत पेपर आणि मैदान दोन्ही जमवायचं.

फॉर्म भरताना आणखी एक छोटा घोळ हमखास होतो, तो नावाचा. दहावीच्या प्रमाणपत्रावर आईचं नाव ‘सुमन’, आधारवर ‘सुमनबाई’. वडिलांच्या नावात कुठे ‘राव’ आहे, कुठे नाही. जन्मतारीख शाळेत घालताना गुरुजींनी अंदाजाने १ जून टाकलेली, आधारवर खरी. लष्कर दहावीचं प्रमाणपत्र प्रमाण मानतं आणि बाकीची कागदपत्रं त्याला जुळवून घ्या म्हणतं. त्यामुळे आधारकेंद्रावर रांगा लागतात, गॅझेटमध्ये नाव बदलायची धावपळ होते. मुक्त विद्यालयातून दहावी केली असेल, तर शाळा सोडल्याच्या दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागते. अधिवास, जात, चारित्र्य, अविवाहित असल्याचा दाखला, प्रतिज्ञापत्र: एवढी फाइल जमवण्यात सरपंच, पोलीस पाटील आणि तहसील कचेरी यांच्या मधल्या रस्त्यावर पोराचे आठवडे जातात. शर्यत सुरू होण्याआधीची ही पळापळ कुठल्याही घड्याळात मोजली जात नाही.

पेपर एक तासाचा. जीडीला ५० प्रश्न, १०० गुण. बरोबर उत्तराला दोन, चुकीच्या उत्तराला अर्धा गुण वजा. विषय सामान्यज्ञान, सामान्यविज्ञान, गणित आणि थोडी तर्कशक्ती. प्रश्नांची पातळी दहावीच्या आसपासचीच. टक्केवारी, काळ-काम-वेग, जीवनसत्त्वं कशातून मिळतात, ध्वनी निर्वातातून जातो का, कुठल्या देशाची राजधानी कुठली, कुठल्या मित्रदेशाबरोबरच्या युद्धसरावाचं नाव काय. कारकुनाच्या पेपरात संगणकाचे प्रश्न येतात आणि इंग्रजीचा वेगळा भाग असतो. अलीकडे त्यांना टंकलेखनाची चाचणीही द्यावी लागते.

कागदावर सोपा वाटणारा हा पेपर घड्याळाने अवघड होतो. ५० प्रश्नांना ६० मिनिटं, म्हणजे प्रश्नामागे बाहत्तर सेकंद. शेतावरून, ऊसतोडीच्या टोळीतून किंवा गवंड्याच्या हाताखालून आलेल्या पोराने मोबाइल कितीही वापरलेला असला, तरी माऊस फारसा धरलेला नसतो. मोबाइलवर बोट टेकवलं की काम होतं. इथे माऊस सरकवून बाण नेमक्या गोलावर आणायचा, क्लिक करायचं, ‘सेव्ह अँड नेक्स्ट’ दाबायचं, नंतर बघायचा प्रश्न वेगळ्या रंगाने खुणावून ठेवायचा. भरती अकॅडम्यांतून म्हणूनच आता दुपारच्या वेळेला संगणकाच्या सरावपरीक्षा चालतात. पहिल्या काही सरावांत पोरांचे गुण चुकीच्या उत्तरांपेक्षा न सोडवलेल्या प्रश्नांमुळेच जास्त जातात. अर्ध्या गुणाची वजाबाकीही त्यांना अंगवळणी पाडावी लागते. शाळेत त्यांना सवय असते ती ‘येत नसेल तरी काहीतरी लिही, कोरं सोडू नको’ या सल्ल्याची. इथे चार चुकीची उत्तरं एका बरोबर उत्तराची कमाई खाऊन टाकतात.

भाषेचा प्रश्न मात्र सुटला. पूर्वी हा पेपर हिंदी-इंग्रजीतून सोडवावा लागे. २०२५ च्या भरतीत तो मराठीसह तेरा भाषांतून देण्याची सोय झाली. कोकणातल्या किंवा गडचिरोलीतल्या ज्या पोराला विज्ञान येत होतं, पण ‘घर्षण’ला हिंदीत काय विचारतील आणि ‘वर्गमूळ’ इंग्रजीत कसं दिसेल याची धास्ती होती, त्याच्या डोक्यावरून एक ओझं उतरलं.

लेखी परीक्षेची ही ऑनलाइन रचना येण्यामागे एक काळा इतिहासही आहे आणि त्याचे बरेच धागे महाराष्ट्रातले आहेत. २०१७ च्या फेब्रुवारीत सैन्यभरतीचा लेखी पेपर होणार होता. आदल्या रात्री ठाणे पोलिसांनी पुणे, नागपूर आणि गोव्यात छापे घातले. लॉज आणि हॉलमध्ये बसून फुटलेला पेपर सोडवणारे सुमारे साडेतीनशे उमेदवार सापडले. त्या केंद्रांवरची परीक्षा लष्कराने रद्द केली. चार वर्षांनी, २८ फेब्रुवारी २०२१ ला जीडीची देशभर एकाच वेळी परीक्षा होती. याही वेळी आदल्या रात्री पुण्यात पेपर फुटल्याचं उघड झालं, पोलिसांनी लोकांना पकडलं आणि संपूर्ण देशातली परीक्षा रद्द झाली. पुढच्या तपासात लष्करातल्या अधिकाऱ्यांनाही अटक झाली. पैसे मोजणारे बहुतेक आईबाप शेतकरी आणि मजूर. जमिनीचा तुकडा विकून किंवा सोनं गहाण टाकून पोराला ‘पर्मनंट’ करायला निघालेले. पकडलेल्यांपलीकडे ज्यांनी पैसे दिले नाहीत आणि नीट अभ्यास केला, त्यांचंही वर्ष बुडालं.

ते वर्ष नुसतं बुडालं नाही, परत आलंच नाही. कोविडमुळे भरती थांबली, परीक्षा पुढे पुढे ढकलल्या गेल्या. मैदान मारलेली, मेडिकलला फिट ठरलेली हजारो पोरं लेखीच्या तारखेची वाट पाहत बसली. आणि १४ जून २०२२ ला अग्निपथ योजना जाहीर झाली. जुनी भरती गुंडाळली गेली. पाय आणि छाती सिद्ध करून झालेल्यांना पेपर द्यायची संधीच मिळाली नाही. काहीजण कोर्टात गेले. दिल्ली उच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०२३ ला योजना वैध ठरवली आणि १० एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने त्यावरची अपिलं फेटाळली. निवडप्रक्रियेच्या मधल्या टप्प्यावर असण्याने नोकरीचा हक्क निर्माण होत नाही, असा त्याचा अर्थ. त्या पोरांतली कित्येक तोवर वयाच्या अटीबाहेर गेली होती. पहिल्या वर्षापुरती कमाल वयोमर्यादा २३ केली गेली, तिचा आधार काहींना मिळाला. बाकीचे कुणी कंपनीत सिक्युरिटीला लागले, कुणी पिकअप चालवतात. आणि कुणी अकॅडमीत ‘सर’ होऊन पुढच्या बॅचला धावायला शिकवतात.

फौज आणि शिक्षण यांचं नातं एके काळी याच्या नेमकं उलटं होतं. तेव्हा फौज शिकलेला माणूस मागत नसे, ती त्याला शिकवत असे. इंग्रजांच्या लष्करात शिपायांच्या मुलांसाठी शाळा होत्या आणि शिक्षकांना तयार करणारी नॉर्मल स्कूलही. गावच्या शाळेत ज्यांना दाराबाहेर बसवलं जाई, त्या समाजातल्या लोकांना अक्षराचा पहिला रस्ता लष्करी छावणीतून मिळाला. सुभेदार रामजी सकपाळ हे त्याचं सगळ्यात ठळक उदाहरण. लष्करात ते शिकले, पुढे लष्करी शाळेत चौदा वर्षं मुख्याध्यापक होते. महूच्या छावणीत १४ एप्रिल १८९१ ला त्यांचा मुलगा भीमराव जन्मला. घरात वही, पाटी आणि वाचनाची शिस्त होती ती छावणीमुळे.

आणि हा रस्ता पुढच्या काही वर्षांत बंदही झाला. ‘लढाऊ जाती’च्या कल्पनेवर फौजेची जातवार फेररचना झाली आणि महारांची भरती थांबवली गेली. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून माजी सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी अर्ज तयार केला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांपर्यंत विनंती पोचवली. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर काही वर्षांतच ती मोडलीही. महार रेजिमेंट स्थापन झाली ती १ ऑक्टोबर १९४१ ला, बेळगावात. त्या काळी भरतीच्या टेबलाशी विचारला जाणारा पहिला प्रश्न जातीचा आणि गावाचा असे, गुणांचा नव्हे.

साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाची ओळख त्याच काळातली. ‘मिलिटरी अपशिंगे’ या नावाने ते ओळखलं जातं. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जवान कामी आले, त्याची नोंद करणारा स्मृतिस्तंभ गावात आहे. शिरोळ तालुक्यातलं सैनिक टाकळीही असंच, घराघरातून फौजी देणारं. या गावांतून पणजोबा, आजोबा, वडील अशी ओळ लागायची. नव्या पोराला धावायला कुणी शिकवावं लागत नसे. रिटायर होऊन आलेला चुलता पहाटे उठवून ओढ्यापर्यंत पळवायचा. अजूनही पळवतो. पण काळ-काम-वेगाचं गणित आणि ऑनलाइन फॉर्मचा ओटीपी यात तो चुलता काही मदत करू शकत नाही. एवढी एक गोष्ट घरातल्या परंपरेकडून निसटून शिकवणीवर्गाकडे गेली आहे. माजी सैनिकाच्या मुलाला बोनस गुण आणि उंचीत सवलत मिळते. एनसीसीच्या प्रमाणपत्रालाही गुण आहेत. पण दहावीच्या टक्क्यांची अट त्यालाही चुकत नाही.

पेपरातून निवड झाली की मग मैदान. १.६ किलोमीटर, पोरांच्या बोलीत ‘सोळाशे’. साडेपाच मिनिटांच्या आत पोचलं की ६० गुण, पुढची पंधरा सेकंदं लागली तर ४८. पूर्वी इथे रेषा संपायची. २०२५ च्या भरतीपासून आणखी दोन गट आले: सहा मिनिटांपर्यंत ३६ गुण, सव्वासहापर्यंत २४. म्हणजे पेपरात वरचे गुण मिळवलेल्या, पण पायाने जरा मंद पोरालाही यादीत राहण्याची आशा उरली. साडेपाच मिनिटं म्हणजे चारशेची फेरी सरासरी साडेब्याऐंशी सेकंदांत. हे ऐकायला फार वाटत नाही. पहिल्या फेरीत जोशात सत्तर सेकंदांत पळालेला तिसऱ्या फेरीत पोटरी धरून कडेला बसतो, तेव्हा त्या आकड्याचा अर्थ कळतो.

मग बीम. दहा पुलअप्स काढले की ४० गुण, नऊला ३३, आठला २७, सातला २१, सहाला १६. सहाच्या खाली गेलं की संपलं. हनुवटी दांड्याच्या वर गेली पाहिजे आणि खाली येताना हात सरळ झाले पाहिजेत. झोका घेऊन काढलेला पुलअप समोर उभा असलेला हवालदार मोजत नाही. पोर दात-ओठ खात वर जातं आणि आकडा मात्र सातावरच अडलेला असतो. नऊ फुटी खड्डा आणि नागमोडी पट्टीवरून तोल सांभाळत चालणं यांना गुण नाहीत, पण ते पार करावंच लागतं.

उंचीच्या अटीत भूगोल आहे. देशाचे विभाग पाडून प्रत्येकाला वेगळी मापं ठरवलेली आहेत. जीडीसाठी महाराष्ट्रातल्या पोराला १६८ सेंटिमीटर लागतात. गोवा आणि कर्नाटक दक्षिण विभागात मोडतात, तिथे १६६ चालतात. कोल्हापूरच्या सैन्यभरती कार्यालयाच्या हद्दीत सातारा, सांगली, रत्नागिरी, सिंधुदुर्ग यांच्या जोडीला गोवाही येतो. त्यामुळे एकाच कार्यालयाच्या भरतीत बांद्याच्या पोराला जी उंची कमी पडते, ती पलीकडच्या पेडण्याच्या पोराला पुरते. चंदगडचा पोरगा १६७ वर घरी जातो आणि सीमेपलीकडे बेळगाव जिल्ह्यातला, त्याच्यासारखीच मराठी बोलणारा त्याचा मामेभाऊ तेवढ्याच उंचीवर पुढे सरकतो. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात असल्याने ही तुलना त्या पट्ट्यात नेहमी ऐकू येते. आदिवासी उमेदवारांसाठी मापात सवलत आहे. छातीचा नियम मात्र सगळीकडे जवळपास सारखा, ७७ सेंटिमीटर आणि फुगवून पाच जास्त.

मैदानानंतर अलीकडे आणखी एक पायरी आली आहे, अनुकूलन चाचणीची. लष्करी जीवनाशी हा पोरगा जुळवून घेईल का, हे प्रश्नांच्या मदतीने पाहायचं. तिच्यासाठी उमेदवाराला चार्ज केलेला स्मार्टफोन आणि पुरेसा डेटा घेऊन यायला सांगितलं जातं. घरापासून दूर राहणं, वरिष्ठाचा हुकूम, सोबत्याची चूक, एकटेपणा, राग यावर प्रश्न असतात. यात पाठांतर चालत नाही. तरीही बाजारात त्याची ‘गाइड’ मिळतात आणि पोरं ती घेतातही.

मेडिकलमध्ये तर अनपेक्षित कारणांनी माणूस गळतो. सपाट तळवे, गुडघे एकमेकांना लागणं, रंग ओळखण्यातला दोष, शिरा फुगलेल्या, दात कमी. कानातला मळ काढून आणि दातांवरची पुटं साफ करून या, असं जाहिरातीतच लिहिलेलं असतं. हातावर नको तिथे गोंदलेलं असेल, तरी अडचण येते. जत्रेत हौसेने दंडावर गोंदवून घेतलेलं नाव किंवा वाघाचं तोंड तेव्हा महाग पडतं. अनफिट ठरलेल्याला लष्करी रुग्णालयात ठरलेल्या मुदतीत फेरतपासणी मागता येते.

मुलींसाठी शिपाई म्हणून दार उघडलं ते मिलिटरी पोलिसांत, २०१९ मध्ये. शंभर जागांसाठी दोन लाखांहून जास्त अर्ज आले. पहिली ८३ जणींची तुकडी मे २०२१ मध्ये बंगळुरूहून प्रशिक्षण संपवून बाहेर पडली. शिक्षणाची अट मुलांइतकीच, दहावीत ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३. उंची १६२. धावणं तेच १.६ किलोमीटर, त्यात पहिल्या गटासाठी साडेसात मिनिटं. बीमऐवजी दहा फूट लांब उडी आणि तीन फूट उंच उडी. दहावीच्या निकालात मुली मुलांच्या पुढे असतात, हे दरवर्षी छापून येतं. म्हणजे गुणांच्या चाळणीत त्यांची अडचण कमी. त्यांची खरी अडचण सराव करायची जागा आणि पहाटे पाचला घराबाहेर पडायची परवानगी. महाराष्ट्रातल्या बऱ्याच अकॅडम्यांत आता मुलींची वेगळी बॅच आणि वसतिगृह दिसतं. त्यातल्या बहुतेकींच्या मनात मात्र पोलीस भरती असते, कारण तिथे जागा जास्त.

पोलीस भरतीचा विषय इथे येणं अटळ आहे, कारण गावातला एकच पोरगा दोन्ही फॉर्म भरतो. आणि इथे गंमत आहे. महाराष्ट्र पोलिसांनी २०१९ मध्ये नियम बदलून लेखी परीक्षा आधी ठेवली आणि २०२२ मध्ये तो क्रम पुन्हा फिरवून मैदान आधी आणलं. म्हणजे फौज मैदानाकडून पेपराकडे वळली, त्याच्या आदल्याच वर्षी राज्याचे पोलीस पेपराकडून मैदानाकडे परत आले. पोलिसांत आधी ५० गुणांची शारीरिक चाचणी, सोळाशे, शंभर मीटर आणि गोळाफेक. त्यातून जागांच्या दहापट पोरं लेखीला, १०० गुणांचा पेपर. तिथे सोळाशेला पूर्ण गुण घ्यायचे तर पाच मिनिटं दहा सेकंदांत यायला लागतं, फौजेपेक्षाही वीस सेकंद आधी. त्यामुळे अकॅडमीचं वेळापत्रक दोन्ही वाटा सांभाळून चालतं. पहाटे ट्रॅक, सकाळी गोळा आणि बीम, दुपारी गणित-बुद्धिमत्ता, संध्याकाळी चालू घडामोडी. फौजेचा पेपर जवळ आला की गोळा कोपऱ्यात पडतो, पोलिसांची जाहिरात आली की मराठी व्याकरणाचं पुस्तक बाहेर निघतं.

या अकॅडम्यांचा धंदा हा दुसरा मोठा विषय. माजी सैनिकांनी काढलेल्या, पत्र्याच्या शेडमधल्या आणि ओढ्याकाठच्या रस्त्यावर पळवणाऱ्या छोट्या अकॅडम्याही आहेत. मोठी मैदानं, वसतिगृह आणि निवड झालेल्यांच्या फोटोंचे भलेथोरले फ्लेक्स असलेल्याही आहेत. पूर्वी घरच्या घरी तयारी करून मैदान गाठता येई. आता पेपर आधी आल्याने शिकवणीशिवाय चालत नाही, अशी आईबापांची खात्री झाली आहे. ज्या घरात उसाचा किंवा दुधाचा पैसा येतो, तिथून पोराला वर्षभर वसतिगृहात ठेवण्याचा खर्च निघतो. कोरडवाहू घरातला पोरगा गावच्या झेडपी शाळेच्या मैदानावर एकटा पळतो आणि सरावाचे पेपर मोबाइलवर फुकटच्या व्हिडिओतून सोडवतो. दोघं एकाच यादीत असतात आणि अंतिम यादी दोन्ही टप्प्यांच्या गुणांवर लागते.

हे सगळं कशासाठी, तर चार वर्षांसाठी. अग्निवीराला पहिल्या वर्षी महिना ३० हजार, चौथ्या वर्षी ४० हजार रुपये. त्यातले ३० टक्के सेवा निधीत जमा होतात आणि सरकार तेवढीच भर घालतं. चार वर्षांनी व्याजासह सुमारे ११.७१ लाख रुपये हातात येतात, पेन्शन नाही. जास्तीत जास्त २५ टक्के जणांना पुढे नियमित सेवेत घेतलं जाणार. बाकीच्यांसाठी २०२२ मध्ये केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत १० टक्के आरक्षण आणि वयात सवलत जाहीर झाली होती. पहिल्या तुकड्यांचं प्रशिक्षण २०२३ च्या जानेवारीत सुरू झालं. त्यामुळे २०२६ च्या अखेरीपासून पंचविशीच्या आसपासची पोरं ट्रंक घेऊन गावाकडे परतू लागतील.

त्यांची पुढची परीक्षा पुन्हा शिक्षणाचीच आहे. फौजेत रँक चढायला जवानाला लष्करी शिक्षणाचे दाखले आणि नकाशावाचनाच्या परीक्षा द्याव्या लागतात. चार वर्षांत बाहेर पडणाऱ्याला त्या शिडीच्या फारशा पायऱ्या मिळत नाहीत. त्याऐवजी २०२२ मध्ये दोन सोयी जाहीर झाल्या. दहावीवर भरती झालेल्याला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतर्फे बारावीचं प्रमाणपत्र मिळेल आणि इग्नूची कौशल्याधारित पदवी घेताना तिचे निम्मे श्रेयांक सेवेतल्या प्रशिक्षणातून धरले जातील.

सातारा-कोल्हापूरकडे परतणाऱ्या पोराच्या दृष्टीने यातली पहिली सोय जास्त कामाची. फौजेने त्याला दहावीवर घेतलं होतं, महाराष्ट्र पोलिसांच्या शिपाईपदाला बारावी लागते. धावण्याचा सराव त्याचा चार वर्षांत सुटलेला नसेल, साडेपाच मिनिटांवरून पाच-दहावर यायला त्याला दोन-तीन महिने पुरतील. गोळाफेक नव्याने शिकावी लागेल, मराठीचा आणि बुद्धिमत्तेचा अभ्यास पुन्हा काढावा लागेल. पण त्याआधी अर्जातल्या शैक्षणिक अर्हतेच्या रकान्यात बारावीचं वर्ष, मंडळ आणि बैठक क्रमांक भरावा लागेल. ते प्रमाणपत्र सेवेत असतानाच हाती आलं असेल तर तो त्या वर्षीच्या भरतीत उतरेल, नाहीतर आधी बारावीला बसेल.